अनोळखी बर्फ

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समिअर बेटावरच्या ग्रीस फियोर्ड गावात एक दगडी बाई उभी आहे. शेजारी लहान मुलगा आणि कुत्रा. ती दूरच्या रेझोल्यूट गावाच्या दिशेने बघते. तिकडे रेझोल्यूटला एक पुरुष एकटाच उभा आहे, तो हिच्या दिशेने बघतो. लूटी पिजामिनी आणि सिमिओनी अमागोआलिक यांनी २०१० साली घडवलेल्या या शिल्पांमागे शिकाऱ्यांची जी फसवणूक झाली तिची गोष्ट आहे.

१९५३ च्या उन्हाळ्यात हडसन उपसागरालगतच्या इनुक्जुआकमधली इनुइट कुटुंबे सरकारने ‘सी. डी. होव’ जहाजावर चढवली. दूर उत्तरेला शिकार मुबलक आहे, नाही रमलात तर दोन वर्षांनी परत आणू, असे सांगितले गेले. अंतर सुमारे २,००० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून श्रीनगर. सगळे एकाच ठिकाणी उतरणार नाहीत, हे त्यांना जहाजावर कळले. काही एल्समिअरवर उतरले, काही रेझोल्यूटला.

ही माणसे शिकारीत मुरलेली होती. पण त्यांचा मुलूख सखल. तिथे बदके, रानहंस, अंडी, मासे, उन्हाळ्यात बेरी, आणि डिसेंबरातही काही तास सूर्य. एल्समिअरवर मात्र समुद्रातून सरळ वर चढलेले डोंगर. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. इग्लू बांधण्याजोगा बर्फ वेळेवर साचला नाही, म्हणून ऐन थंडीत तंबूत राहावे लागले. पिण्याच्या पाण्यासाठी हिमनगाचे तुकडे फोडून आणायचे.

हिवाळ्यात जीव तगायचा तो सीलवर. मांस माणसांना आणि कुत्र्यांना, चरबी दिव्याला. समुद्रावरच्या बर्फाखालचा सील नखांनी बर्फ कोरून श्वासासाठी भोके राखतो. वर भुसभुशीत हिमाचा थर, त्यामुळे भोक दिसत नाही. कुत्रा हुंगून काढतो. मग शिकारी पायाखाली कातडे घेऊन वाकून उभा राहतो, कारण बर्फ किंचित करकरला तरी खाली ऐकू जाते. भोकात बारीक काडी सोडलेली असते. काडी हलली की भाला. एकच घाव, तो हुकला की तासन्‌तास उभे राहणे वाया. सीलची भोकेही अनेक असतात, आज तो या भोकाशी येईलच असे नाही.

हे सगळे त्यांना येत होते. सवय नव्हती ती काळोखाची. प्रवाह कुठे बर्फ आतून खातो, भेग कुठे पडते, वारा फिरला की कुठून माघारी यायचे, हे इनुक्जुआकला बापाने दाखवले होते. इथे दाखवणारे कुणी नव्हते.

शिकवायला म्हणून उत्तरेकडच्याच पाँड इनलेट गावची काही इनुइट कुटुंबे सोबत दिली होती. काळोखातली शिकार त्यांना ठाऊक होती. पण त्यांची बोली वेगळी, रीत वेगळी, आणि हे बेट त्यांनाही परकेच. शिकार मुबलक म्हणून आणले, तर मस्कऑक्सला हात लावायचा नाही आणि कॅरिबू मोजूनच मारायचे, असा पोलिसांचा हुकूम. भुकेल्या माणसाला याहून क्रूर नियम कोणता सांगावा?

तरीही ते शिकले. बेलुगा देवमासे कुठल्या वाटेने येतात हे हेरले, आणि पुढे वर्षाला सुमारे १८,००० चौरस किलोमीटरचा टापू पालथा घालू लागले. हे श्रेय सर्वस्वी त्यांचे. ज्यांनी त्यांना तिथे सोडले त्यांचा यात काडीचाही वाटा नाही.

दोन वर्षे झाली. कुणाला परत नेले नाही. उलट १९५५ मध्ये आणखी कुटुंबे आणली. उत्तरेच्या बेटांवर कॅनडाचा हक्क शाबूत ठेवायला तिथे माणसे हवी होती, असा आरोप पुढे झाला. तो खोटा मानायला जागा कमीच आहे. १९९६ मध्ये या कुटुंबांसाठी १ कोटी कॅनेडियन डॉलरचा निधी मिळाला. सरकारची माफी आली १८ ऑगस्ट २०१० रोजी.

दोन वर्षांचा शब्द दिला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे पस्तीसएक वर्षांनी, काही जण इनुक्जुआकला परतले. त्यांची काही मुले-नातवंडे उत्तरेतच राहिली. ती त्याच काळोखात, त्याच भोकांपाशी उभी राहायला शिकली होती. इनुक्जुआकचा बर्फ त्यांना अनोळखी होता.