मुहूर्त हलत नाही, बाकी सगळं हलतं

पत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो १२ वाजून २६ मिनिटांचा. सव्वाबारा झाले तरी नवरी खोलीतच आहे, गजरा माळायचा राहिलाय. मामा दाराशी ताटकळलेत, गुरुजींचे दोन निरोप येऊन गेलेत आणि फोटोग्राफर म्हणतोय, "ताई, शेवटचा एकच, खिडकीकडे बघा."

अशा वेळी सगळा राग निघतो तो कॅमेऱ्यावर. 'फोटोवाल्यांनी लग्नाचा ताबा घेतलाय' हे वाक्य हल्ली प्रत्येक मांडवात ऐकू येतं. पण गफलत बहुतेक वेळा आधीच झालेली असते. गुरुजींनी विधींचा क्रम मुलीच्या वडिलांना सांगितलेला असतो. मेकअपला किती वेळ लागेल ते फक्त नवरीला माहीत असतं, फोटोग्राफरशी बोलणी नवऱ्या मुलाने केलेली असतात आणि पहिली पंगत किती वाजता बसवायची ते केटररने कुणा काकांना विचारलेलं असतं. या चार वेळा एका कागदावर कधी आलेल्याच नसतात.

रोलचा जमाना होता तेव्हा हे खपून जायचं. एका रोलमध्ये ३६ फोटो. त्यामुळे फोटोग्राफर हात राखून काढायचा आणि विधीमागे दोन-तीन फोटो मिळाले तरी घरचे खूश असायचे. आता एकाच लग्नात कॅन्डिडवाला वेगळा, पारंपरिक फोटो काढणारा वेगळा, व्हिडिओचे दोघे आणि वर ड्रोन. एवढ्या सगळ्यांना कागदावर वेळ दिली नाही, तर ते ती कुठून तरी घेणारच. ती जाते विधींमधून, नाहीतर नवरा-नवरीच्या जेवणातून.

उलटीकडून मांडा

वेळापत्रक सकाळपासून पुढे लिहीत गेलात तर ते हमखास कोलमडतं. मुहूर्त धरून मागे मागे या. मुहूर्त १२.२६ चा असेल तर मंगलाष्टकांना दहा-पंधरा मिनिटं धरा. म्हणजे १२.१० ला अंतरपाट धरलेला हवा. त्याआधी नवरी गौरीहरापाशी बसते, ती वेळ ११.३० ची. अल्बमच्या दृष्टीने या विधीकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. पण पिवळ्या साडीतली नवरी एकटी बसून अन्नपूर्णेवर अक्षता वाहते आहे, असा निवांतपणा तिला त्या दिवशी पुन्हा मिळत नाही. फोटोग्राफरला तिथे दहा मिनिटं आवर्जून द्या.

गौरीहराला ११.३० ला बसायचं, तर नवरी १०.३० ला पूर्ण तयार हवी. मधला पहिला अर्धा तास तिच्या एकटीच्या, आई-वडिलांसोबतच्या आणि भावंडांसोबतच्या फोटोंचा. दुसरा अर्धा तास कशाचाच नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. ब्लाउजचा हूक तुटतो, नथ सापडत नाही, मुंडावळ्या दुसऱ्याच बॅगेत राहतात. त्यासाठी तो ठेवायचा. मेकअप आणि केसांना अडीच तास, साडी नेसायला आणि दागिने घालायला अर्धा तास धरला, तर मेकअपच्या खुर्चीत ती ७.३० ला बसायला हवी. मग कार्यालयाची खोली किती वाजता उघडून मिळते, हे आधीच विचारलेलं बरं.

नवऱ्या मुलाचं पाऊण तासात भागतं. दोघांचे एकत्र फोटो मात्र सकाळी नकोत. अंतरपाट दूर होईपर्यंत एकमेकांना पाहायचं नाही, ही रीत अनेक घरांत अजून आहे आणि फोटोच्या दृष्टीनेही ती फायद्याची आहे. पडदा बाजूला होताना चेहऱ्यावर जे उमटतं, ते तासभर एकत्र पोझ देऊन झाल्यावर उमटत नाही. या क्षणाला एक कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर आणि एक नवऱ्याच्या, असं आधी ठरवून घ्या. 'पुढच्या दोन रांगांनी मोबाइल खाली ठेवावेत' अशी विनंती मंगलाष्टकं सुरू होण्याआधी माइकवरून एकदा केली तरी पुरते.

ऊन, सावली आणि रंगीत दिवे

आपली बरीच लग्नं भर दुपारची आणि ऐन उन्हाळ्यातली. मे महिन्याच्या मध्याला पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. प्रकाश सरळ वरून पडला की भुवयांखाली काळे खड्डे दिसतात आणि मुंडावळ्यांची सावली गालावर उमटते. घामाने मेकअप ओघळतो तो वेगळाच. म्हणून अक्षता पडल्यावर एक वाजता जोडप्याला लॉनवर नेण्यात अर्थ नाही. कार्यालयाचा व्हरांडा, मोठी खिडकी, झाडाची दाट सावली यांपैकी एखादी जागा आदल्या दिवशी हेरून ठेवावी.

बाहेरचे फोटो हवेच असतील तर सूर्यास्ताआधीचा तास राखून ठेवा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेअखेरीस सात वाजून गेल्यावर. गोरज मुहूर्त असेल तर हा तास विधींच्या तयारीत जातो आणि सूर्य बुडाल्यावर संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. अशा लग्नात दोघांचे वेगवेगळे फोटो उजेडी उरकावेत आणि जोडीचे फोटो दिव्यांच्या प्रकाशात काढायची तयारी ठेवावी. ड्रोन उडवायचा असेल तर विमानतळाच्या आसपास त्यावर निर्बंध असतात. परवानगीची चौकशी आधीच करावी.

हॉलमधल्या दिव्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचं सेटिंग चुकलं की व्हिडिओत पट्टे दिसतात. त्यात स्टेजवर जांभळे-निळे दिवे असले तर हळदीचा रंगही ओळखू येत नाही. डेकोरेटरला स्पष्ट सांगा: मंगलाष्टकं आणि होमाच्या वेळी रंगीत दिवे बंद, चेहऱ्यावर एकाच छटेचा उजेड. मांडवाचं कापड लाल किंवा निळं असेल तर दिवसाच्या लग्नात तोच रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. पांढरं किंवा फिकट कापड बरं.

अक्षता पडल्या, लग्न राहिलं

अक्षता पडतात, 'वाजवा रे वाजवा' होतं आणि निम्मा हॉल पंगतीकडे वळतो. खरे विधी तिथून पुढे असतात: कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी. घराघरांत क्रम थोडा बदलतो, पण दिवसाचं वेळापत्रक बहुधा इथेच फसतं.

हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ नुसार, ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण होतो. विधी झालेलेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विवाह नोंदणीच्या वेळी पत्रिकेसोबत विधींचा फोटो मागतात तो वेगळाच. आणि अल्बम उघडावा तर पुष्पगुच्छ देणाऱ्यांचे दोनशे फोटो, आणि सप्तपदीचे तीन, तेही पाठमोरे.

म्हणून होमाला किती वेळ लागेल हे गुरुजींनाच विचारा आणि तेवढा वेळ स्टेजवरच्या भेटीगाठी बंद ठेवा. कॅमेरा होमाच्या पलीकडे, खाली बसून. गुरुजींच्या खांद्यावरून नाही. लाजाहोमात लाह्या द्यायला आणि नंतर कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. तो त्या वेळी हमखास पंगतीत आग्रह करत फिरत असतो. त्याला आधी सांगून ठेवा. आणि मंगळसूत्र असो की सप्तपदी, 'गुरुजी, परत एकदा' हे शब्द कुणीही उच्चारू नयेत. हुकलेला फोटो हुकला. फोटोसाठी विधी पुन्हा केला, तर तो अभिनय होतो.

स्टेजवरचा हिशेब

चारशे पाहुणे, चौघा-चौघांचे गट, म्हणजे शंभर गट. गटामागे पाऊण मिनिट धरलं तरी सव्वा तास. त्यात पाकीट देणं, ओळख करून देणं, 'काकूंना बोलवा' आलंच. हा सव्वा तास वेळापत्रकात नसेल तर जोडपं चार वाजेपर्यंत उपाशी राहतं, आणि तोवर कार्यालयाचा मॅनेजर पुढच्या पार्टीसाठी खुर्च्या उचलायला लागलेला असतो.

घरच्यांच्या फोटोंची यादी वेगळी करा. दोन्हीकडचे मिळून पंधरा गट पुरेत, आणि क्रम वयाने: आजी-आजोबा पहिले, म्हणजे ते वेळेवर जेवतील. यादीत विधवा आत्या-मावश्यांची नावं आठवणीने लिहा. कुणी हाक मारली नाही तर त्या आपणहून पुढे येत नाहीत. प्रत्येक बाजूने एक चुणचुणीत भाचा किंवा पुतणी नेमा. फोटोग्राफरला तुमचे धाकटे काका कोण, हे कळणार कसं?

फोटोग्राफरचं जेवण पहिल्या पंगतीबरोबर उरकून घ्या, पण दोघा फोटोग्राफरांनी एकाच वेळी बसायचं नाही. विहिणीच्या पंगतीत रांगोळी, महिरप आणि वाढलेली ताटं यांचे फोटो पहिल्या घासाआधी काढावेत. तोंडात जिलबी असतानाचा आपला फोटो कुणालाच नको असतो.

एवढं सगळं एका पानावर मावतं. लग्नाच्या आठवडाभर आधी गुरुजी, फोटोग्राफर, मेकअपवाली, डेकोरेटर, केटरर आणि कार्यालयाचा मॅनेजर यांना अर्ध्या तासासाठी एकत्र बसवा. जमलं नाही तर एकाच फोनवर घ्या. ठरलेल्या वेळांचा कागद प्रत्येकाकडे पोचवा आणि लग्नाच्या दिवशी तो सांभाळायला एखादा खमका मावसभाऊ निवडा. दोघांच्या आई-वडिलांवर मात्र ते काम टाकू नका. त्यांना त्या दिवशी फोटोत यायचं असतं.