सर्पगंधेचे मूळ, खाजकुइलीचे बी

हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या दमट जंगलांपर्यंत सावलीत वाढणारे, लालसर देठांवर पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके धरणारे सर्पगंधेचे झुडूप दिसायला साधे असले, तरी त्याचे कडू मूळ सर्पदंशापासून उन्मादापर्यंत अनेक व्याधींवर पिढ्यानपिढ्या दिले जात आले. बिहारकडे तर ते वेडाचे औषध म्हणूनच ओळखले जाई. सर्पदंशावर प्रतिविषाखेरीज खरा इलाज नाही, तेव्हा तो दावा बाजूला ठेवावाच लागतो. उन्मादावरचा दावा मात्र प्रयोगांच्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरला. एकाच मुळाविषयी परंपरेने सांगितलेली एक गोष्ट खरी आणि दुसरी फोल ठरावी, यात नवल काहीच नाही. परंतु वनौषधींचे समर्थक आणि टीकाकार दोघेही परंपरेला सरसकट स्वीकारतात किंवा सरसकट नाकारतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

या मुळाची शास्त्रीय तपासणी भारतातच सुरू झाली. दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१च्या सुमारास त्यातून अनेक अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींत तयार होणारी आणि अत्यल्प मात्रेतही शरीरावर परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये, वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे नोंदवले. तरीही बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली ती मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्यानंतरच. मुळाने गुण येतो एवढेच सांगून न थांबता उपचारापूर्वीचा आणि उपचारानंतरचा रक्तदाब मोजून मांडला, हे वकिलांच्या कामाचे वैशिष्ट्य होते. पुढे १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळातील प्रमुख परिणामकारक द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले आणि रेसर्पिन या नावाने ते जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन नेमके काय करते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याचा गुण आणि दोष दोन्ही एकाच क्रियेतून उद्भवतात. मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात ती पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात, आणि रेसर्पिन या पिशव्या भरण्याची यंत्रणाच बंद पाडते. साठा हळूहळू संपतो, रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याचा निरोप क्षीण होतो आणि रक्तदाब उतरतो. मेंदूतही तोच साठा रिता होत असल्यामुळे प्रक्षुब्ध रुग्ण शांत होतो. पण याच कारणाने नाक चोंदणे, सुस्ती आणि त्या काळी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांमुळे काही रुग्णांत गंभीर नैराश्य, असे परिणामही नोंदवले गेले. एका मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी मात्रा रोज पुरेशी ठरणाऱ्या या द्रव्याचे प्रमाण मुळाच्या भुकटीत जागेनुसार आणि ऋतूनुसार बदलते, ही बाब लक्षात घेतली की शुद्ध द्रव्य वेगळे करण्याचा खटाटोप केवळ कारखानदारीसाठी नव्हता हे पटते.

या कथेचा पुढचा भाग स्वीडनमध्ये घडला. आर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते कान पाडून निश्चल बसून राहिले. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. शरीरात डोपापासून डोपामिन हे असेच एक निरोप देणारे रसायन बनते, आणि मेंदूतील डोपामिन हे हालचालींच्या नियंत्रणासाठी आवश्यक असते, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराच्या, उपचाराचा पाया इथेच घातला गेला, आणि २००० साली कार्लसन नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. योगायोग असा की सशांना जागे करणारे हे द्रव्यही भारतातील वैद्यांच्या बटव्यात आधीपासून होते. कोकणातल्या कुंपणांवर चढणाऱ्या आणि शेंगेवरच्या कुसांनी अंगाची आग करणाऱ्या खाजकुइलीच्या, म्हणजेच कवचबीजाच्या, बियांतून एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते वेगळे केले होते. बियांत त्याचे प्रमाण साधारणपणे चार ते सहा टक्के, म्हणजे वनस्पतींच्या मानाने पुष्कळच, असते.

कंपवाताच्या रुग्णांवर या बियांचे प्रयोग मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी केले व ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनमधील २००४च्या एका अभ्यासात रुग्णाला वा डॉक्टरला कोणते औषध दिले आहे हे कळू न देता तुलना केली असता, तीस ग्रॅम बीजचूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला. हा निष्कर्ष उत्साहवर्धक खराच. मात्र अभ्यासात रुग्ण होते अवघे आठ. शिवाय गोळीत डोपाचे रूपांतर मेंदूबाहेर वाटेतच होऊ नये म्हणून कार्बिडोपा हे जोडद्रव्य मुद्दाम घातलेले असते, ते बियांच्या चूर्णात नसते, त्यामुळे चूर्णाची मात्रा बरीच मोठी लागते. कंपवाताची गोळी चालू असलेल्या रुग्णाने शक्तिवर्धक म्हणून कवचबीजाचे चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेतले, तर तो एकाच औषधाची दोन ठिकाणांहून भर करत असतो.

वनस्पतींकडून बुरशींकडे वळले, तर अळंबीच्या बाबतीत दाव्यांचा गलका मोठा आणि पुरावा तुलनेने तोकडा आहे. उन्हात ठेवलेल्या अळंबीतील एर्गोस्टेरॉलपासून ‘ड’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार तयार होतो, हे निर्विवाद आहे. ‘टर्की टेल’ या लाकडावर उगवणाऱ्या बुरशीतून काढलेल्या शर्करा-प्रथिन संयुगाला जपानने १९७७ मध्ये कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांबरोबर देण्याचे पूरक औषध म्हणून मान्यता दिली, तीही त्या उपचारांऐवजी नव्हे. बाजारात कॉर्डिसेप्स नावाच्या ज्या बुरशीची विक्री प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून होते, तिच्या निकटच्या नात्यातील एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले, आणि मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचे शरीर नवा अवयव नाकारू नये म्हणून ते प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाते. जाहिरातदार हा तपशील सोयीस्करपणे विसरतात.

मुळात प्रतिकारशक्ती वाढणे प्रत्येकाच्या हिताचेच असते, हे गृहीतकच तपासून पाहावे लागते. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागल्यावर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यावर वेलीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढच्या वर्षी देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली, तेव्हा त्यांतील अनेकांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे दिसली. बहुतेकांचे यकृत काढा थांबवल्यावर सावरले. ज्यांचे यकृत आधीपासूनच निबर झाले होते, त्यांना धोका सर्वांत अधिक होता.