लाल दिवा लागला तर? गाडीच्या इंजिनाची पहिली ओळख

आज आपण गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही अगदी पहिल्या धड्यापासून.

अमेरिकेत शाळा, दवाखाना, भाजी, मंदिर, सगळीकडे गाडीनंच जायचं. अशात एखाद्या रात्री हायवेवर समोर लाल दिवा लागतो. पुढची एक्झिट दहा मैलांवर, मागे मुलं झोपलेली. थांबायचं की तसंच जायचं? हे मिनिटभरात ठरवावं लागतं, आणि चुकीचं ठरलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. ते ठरवता यावं, एवढं इंजिन आज समजून घेऊ. घरात कुणी नुकतं ड्रायव्हिंग शिकत असेल तर त्यांनाही ऐकायला बसवा.

सुरुवात करूया विहिरीवरच्या इंजिनापासून. गावाकडे ज्यांनी ते पाहिलंय त्यांना टुक-टुक असा आवाज आठवत असेल. शंतनुराव किर्लोस्कर बोस्टनजवळच्या एम.आय.टी.मधून 1926 साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले, आणि पुढे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी उपसणारी अशी इंजिनं महाराष्ट्रात घरोघरी ओळखीची झाली.

त्या छोट्या इंजिनात एकच सिलिंडर, म्हणजे एक जाड नळकांडं. त्यात वर-खाली होणारा दट्ट्या, तो पिस्टन. पिस्टनचं काम चार पावलांत चालतं: घे, दाब, जाळ, सोड. पिस्टन खाली येतो आणि हवा आत घेतो. वर जातो आणि ती हवा दाबतो. इंधन पेटतं, गरम वायू फुगतो आणि पिस्टनला जोरात खाली ढकलतो. पिस्टन पुन्हा वर येतो आणि जळलेला धूर बाहेर सोडतो. तो टुक म्हणजे धूर बाहेर पडल्याचा आवाज. या चार पावलांपैकी ताकद फक्त तिसऱ्यात मिळते. बाकीची तीन पावलं बाजूला फिरणाऱ्या जड चाकाच्या जोरावर निभतात.

जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी 1876 मध्ये या चार पावलांचं इंजिन चालवून दाखवलं. तुमच्या टोयोटाच्या किंवा होंडाच्या पेट्रोल इंजिनात आजही मूळ तत्त्व तेच आहे. फरक दोन. विहिरीवरचं इंजिन डिझेलचं. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि इंधन आपोआप पेटतं. पेट्रोलला, म्हणजे इथल्या गॅसला, पेटवायला स्पार्क प्लगची ठिणगी लागते. दुसरं म्हणजे गाडीत बहुधा चार किंवा सहा सिलिंडर असतात आणि ते पाळीपाळीनं ताकद देतात. म्हणून वेगळं टुक-टुक ऐकू येत नाही, सलग घरघर येते.

पिस्टनचं वर-खाली जाणं क्रँकशाफ्ट नावाचा वाकडा दांडा गोल फिरण्यात बदलतो. सायकलचं पॅडल आठवा: पाय वर-खाली, चाक मात्र गोल. ते फिरणं गिअरमधून चाकांपर्यंत जातं.

आता एक हिशोब करू. डॅशबोर्डवर आर.पी.एम.चा काटा 2 वर असतो, म्हणजे क्रँकशाफ्ट मिनिटाला 2000 फेरे घेतो. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला 4000 वेळा जाळ होतो, सेकंदाला 60 हून जास्त. त्या जाळाचं तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन मात्र बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं.

मग पिस्टन वितळत का नाही? कारण त्याला सांभाळणारे दोघे आहेत, कूलंट आणि ऑइल. कूलंट इंजिनाभोवती फिरून उष्णता उचलतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं. ऑइल धातूवर धातू घासू देत नाही आणि थोडी उष्णताही वाहून नेतं. इंजिन म्हणजे सतत चाललेला जाळ आणि त्याला आवरणारे हे दोघे, एवढं लक्षात ठेवलंत की दिव्यांचा अर्थ आपोआप कळतो.

पहिला दिवा, लाल तेलाची झारी. याचा अर्थ ऑइलचा दाब पडला, धातू कोरडा घासायला लागला. सुरक्षित जागा दिसताच बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ, असं म्हणू नका. हा दिवा दाब सांगतो, पातळी नाही. ऑइल बरंच कमी होईपर्यंत तो गप्प राहू शकतो, म्हणून ऑइल अधूनमधून स्वतः पाहायचं.

दुसरा, लाल थर्मामीटर. इंजिन तापलं. ए.सी. बंद करा आणि हीटर पूर्ण सुरू करा. उन्हाळ्यात हे उलटं वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो. मग बाजूला थांबून इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.

तिसरा, पिवळा चेक इंजिन. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना बिघाडाचा ठरावीक कोड नोंदवणारी यंत्रणा असते. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर गॅरेजपर्यंत बेतानं जाता येतं. तो लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो भाग महाग असतो. वेग कमी करा आणि जमेल तितक्या लवकर थांबा. कोड वाचणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. पी-0301 आला, तर पहिल्या सिलिंडरमध्ये पेटण्याची गडबड आहे. दोष स्पार्क प्लगचा असेल किंवा आणखी कशाचा, पण गॅरेजमध्ये काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असतं.

आता थंडीबद्दल. ऑइलच्या बाटलीवर 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत लवकर वाहतं. कोणतं घालायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. कूलंट लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. आणि एक जिवाची गोष्ट. चौथ्या पावलात बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गाडी गरम करायला घराच्या गॅरेजमध्ये सुरू ठेवू नका, दार उघडं असलं तरीही. बर्फ पडल्यावर आधी मागचा धुराचा पाइप मोकळा करा, मगच गाडी सुरू करा.

पैशांचंही सांगतो. ऑइल बाहेरच्या गॅरेजमध्ये बदललं म्हणजे वॉरंटी गेली, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ तेवढ्या कारणानं वॉरंटी नाकारता येत नाही. ऑइल मॅन्युअलप्रमाणे घाला आणि पावत्या जपून ठेवा. तसंच, मॅन्युअलमध्ये 87 ऑक्टेन पुरेसं म्हटलं असेल, तर महागडं प्रीमियम भरून इंजिनाचं काही भलं होत नाही.

या रविवारी एवढं करा. गाडी सपाट जागी उभी करून पूर्ण बंद करा, इंजिन गार होऊ द्या. मुलांना सोबत घेऊन हूड उघडा. ऑइलची पट्टी ओढा, कापडानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काही नव्या गाड्यांत पट्टी नसते, तिथे पातळी पडद्यावर दिसते. मग कूलंटची अर्धपारदर्शक टाकी शोधा आणि तिच्यावरच्या खुणा पाहा. झाकण उघडायची गरज नाही. शेवटी मुलांना विचारा: झारीचा लाल दिवा लागला तर काय करायचं? "थांबायचं आणि इंजिन बंद करायचं," हे उत्तर न अडखळता आलं, की समजा धडा झाला.