आजी बैठकीला का येत नाहीत?



मागच्या पावसाळ्यात एका गटात हजेरी घेत होते. एक आजी सलग तिसऱ्या बैठकीला आल्या नव्हत्या. अध्यक्षताई म्हणाल्या, "दंड लावा." मी रजिस्टरमध्ये दंड लिहून टाकला. परत जाताना त्यांच्या घरी डोकावले, तर आजी भरदिवसा अंधारात पडलेल्या. मालक वारलेले, मुलगा-सून वाळूजला कंपनीत. सकाळपासून चूल पेटलेली नव्हती. म्हणाल्या, "काही करू वाटंना गं पोरी. एकटीसाठी काय सैपाक करायचा?" त्या दंडाची मला आजही लाज वाटते.

"वय झालं की असंच होतं," असं आपण म्हणतो. पण म्हातारपणी गुडघे दुखणं वेगळं आणि जगण्यातली गोडी जाणं वेगळं. तो आजार असतो आणि उपचाराने बरा होतो.

ओळखायचं कसं?
दोन आठवड्यांहून जास्त दिवस यातलं काही दिसलं तर लक्ष द्या:
- पहाटे लवकर जाग येणं, भूक मरणं
- छातीत धडधड, सारखी धास्ती
- तपासणीत काही न सापडणारी अंगदुखी
- देवदर्शन, शेजारपाजार सुटणं
- "आता माझं काय राहिलंय" असं बोलणं

आपण काय करू शकतो?
आपल्यासारख्या साध्या माणसांच्या हातात बरंच आहे. गोव्यात साठीच्या पुढच्या 181 जणांचा अभ्यास झाला. त्यांना थोडा उदासपणा होता. निम्म्यांना डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी भेटून अडचणी सोडवायला, झोप सुधारायला आणि सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात त्या 91 पैकी 4 जणांना मोठं नैराश्य आलं; बाकीच्या 90 पैकी 13 जणांना. हे 2019 मध्ये छापून आलं.

म्हणून गटातल्या दोघींनी आठवड्यातून एकदा आजींकडे जायचं. उपदेश करायचा नाही, ऐकायचं. जेवल्या का, गोळ्या घेतल्या का, पेन्शन आली का, एवढं विचारायचं. एखादं छोटं काम सोबत करायचं.

फरक पडला नाही तर आशाताईंना सांगून सरकारी दवाखान्यात न्या. संभाजीनगरला घाटीत मनाच्या आजारांचा विभाग आहे. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच बंद करू नका.

कुणी मरणाची भाषा केली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि लगेच दवाखाना गाठा.

फोन नंबर (मोफत)
टेलिमानस: 14416, दिवसरात्र, मराठीत.
ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन: 14567.

त्या आजींचा दंड गटाने माफ केला. उपचार सुरू आहेत. परवा बैठकीत सगळ्यांच्या आधी सतरंजी टाकून बसल्या होत्या.

पुढच्या बैठकीत गैरहजर नाव आलं, की दंड लिहिण्याआधी त्यांच्या दाराशी जाऊन या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, गंगापूर