फवारणीच्या दिवसांतला फ्लू

(लेखमाला : पावसाळ्यातले ताप – भाग तिसरा)

गेल्या आठवड्यात डेंग्यू पाहिला. आज फ्लू. आपल्याकडे त्याला ‘व्हायरल आहे’ म्हणून मोकळे होतात आणि तिथेच घोटाळा होतो.

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो : पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. यवतमाळ जिल्ह्यात यातला पहिला काळ नेमका कपाशीवरच्या फवारणीचा. वावरातून आलेला माणूस ‘डोकं दुखते, मळमळते, हातपाय गळाले’ म्हणाला, तर समजायचं काय? २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. इथे हा प्रश्न पुस्तकी नाही.

फ्लू सांगून येत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो. कडक ताप, थंडी, ठणकणारं अंग, घशात खवखव आणि कोरडा खोकला. घरात दोन-तीन दिवसांपूर्वी कुणी खोकत होतं का, हे जरूर विचारा. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. विषबाधेत मात्र ताप हे मुख्य लक्षण नसतं. दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, अंधुक दिसणं, बारीक झालेल्या बाहुल्या असं दिसलं तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. डेंग्यूत खोकला सहसा नसतो. काखेत किंवा जांघेत काळी खपली सापडली तर स्क्रब टायफसची शंका घ्यावी. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.

बहुतेकांचा फ्लू पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज आणि विश्रांती यांवर आठवड्याभरात बरा होतो. खोकला थोडा जास्त रेंगाळतो. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. जेवण-पाणी नीट चालू असताना पहिल्याच दिवशी सलाईन लावून घेण्याची आपली हौस तर मला निव्वळ खर्चिक वाटते. मुलांना ॲस्पिरिन देऊच नये.

फ्लूवर खास औषध आहे, ऑसेल्टामिवीर. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस, अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा गुण सर्वांत चांगला; रुग्ण गंभीर असेल तर उशिराही देतात. केंद्र सरकारच्या सूचनांनुसार सौम्य रुग्णांना ना तपासणी लागते, ना हे औषध. पण गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांच्यासाठी तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता ते सुरू करता येतं. सलाईनच्या बाटल्यांत दोन दिवस जातात ते नेमके याच लोकांचे. याच गटांनी दरवर्षी लसही घ्यावी. विषाणू रूप बदलतो, म्हणून जुन्या लशीवर विसंबता येत नाही.

धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, निळसर नखं, किंवा ताप उतरून पुन्हा चढणं यातलं एकही दिसलं, तर गावातल्या दवाखान्यात थांबू नका. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. आणि घरात गरोदर सून-लेक असेल, तिला ताप-खोकला सुरू झाला असेल, तर उद्यावर न ढकलता आजच डॉक्टरांना दाखवा.