मोटारबोटीच्या केबिनमधील पाण्याची गळती : शोध, निदान व उपाययोजना (अहिल्यानगर जिल्ह्यातील जलाशयांच्या संदर्भात)

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा समुद्रकिनारा नसलेला आणि बहुतांशी अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जाणारा जिल्हा आहे. त्यामुळे या जिल्ह्याच्या संदर्भात बोटीचा विचार प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. तथापि, जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण, राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर आणि नेवासे-शेवगाव तालुक्यांना भिडलेले जायकवाडीच्या नाथसागराचे फुगवट्याचे पाणी असे तीन मोठे जलाशय या जिल्ह्यात आहेत. जलाशयांवर पर्यटन, मत्स्यव्यवसाय, पाहणी आणि आपत्ती निवारण या कामांसाठी यंत्रचालित बोटींची गरज भासते. भंडारदऱ्याच्या जलाशयातून रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराकडे बोटीने जाता येते, हे पर्यटकांना परिचित आहे.

छप्पर व खिडक्या असलेल्या बोटीची, म्हणजे केबिन असलेल्या लाँचची, सर्वांत चिवट तक्रार म्हणजे केबिनमध्ये झिरपणारे पाणी होय. आसनाची गादी ओली होणे एवढ्यापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. पाच मीटर लांब व दोन मीटर रुंद तळावर केवळ एक सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन १०० किलोग्रॅम भरते. हे वजन एका जागी स्थिर राहत नाही. बोट ज्या बाजूस कलते त्याच बाजूस ते धावते आणि कल वाढविते. याखेरीज बॅटरी व वायरिंगमध्ये ओल शिरून आग लागण्याचा, तसेच फायबरच्या दोन थरांमधील लाकडी गाभा कुजून सांगाडा कमकुवत होण्याचा धोका असतो. म्हणूनच गळतीचा प्रश्न हा सुखसोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे. प्रस्तुत लेखात या गळतीची कारणे, तिचा माग काढण्याची पद्धत आणि टिकाऊ दुरुस्तीची तत्त्वे यांचे विवेचन केले आहे.

पाणी आत का येते?

पाणी उताराने वाहते, एवढेच गृहीत धरले तर गळतीचा शोध हमखास चुकतो. केबिनमध्ये पाणी शिरण्यामागे किमान चार भौतिक कारणे असतात.

पहिले कारण गुरुत्वाकर्षण व पाण्याचा दाब हे होय. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र उघडे राहिल्यास त्यातून मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत येऊ शकते. निसटलेली एक रबरी नळी बोट बुडविण्यास का पुरेशी ठरते, हे या आकड्यावरून स्पष्ट होते.

दुसरे कारण केशाकर्षण. दोन पृष्ठभागांमध्ये ०.२ मिलिमीटरची फट असेल तर पाणी त्या फटीत सुमारे ७ सेंटिमीटर वर चढू शकते. त्यामुळे खिडकीच्या चौकटीखालच्या कडेने शिरलेले पाणीही आतल्या बाजूने वर येऊन ओघळते.

तिसरे कारण हवेच्या दाबातील फरक. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या पृष्ठभागावर सुमारे १७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब निर्माण करतो. तसेच उन्हाने तापलेल्या बंद केबिनवर अकस्मात पावसाची सर आली म्हणजे आतील हवा आकुंचन पावते आणि फटीवर साचलेले पाणी आत ओढले जाते.

चौथे कारण गळतीचे नाहीच, ते संघनन होय. ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्के आर्द्रता असलेली हवा २२ अंशांपर्यंत थंड झाल्यास प्रत्येक घनमीटरमागे जवळजवळ ५ ग्रॅम पाणी बाहेर पडते. त्यातच प्रवाशांचा श्वास व घाम यांची भर पडते. छताला जमलेले हे थेंब पाहून निष्कारण सांधे उकलले जातात. ते टाळण्यासाठी संशयित जागा कोरडी करून तेथे प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने चिकटवावा. दुसऱ्या दिवशी ओल तुकड्याच्या केबिनकडील बाजूस आढळल्यास ते संघनन आणि पाठीमागील बाजूस आढळल्यास ती गळती समजावी. संघननावर सीलंट हा उपाय नसून वायुवीजन हा उपाय आहे.

निदानाची पद्धत

गळतीविषयीचे पहिले सूत्र असे की, पाणी जेथे दिसते तेथून ते आत आलेले नसते. ते छताच्या आतील अस्तरावरून, वायरच्या कडेने किंवा आडव्या पट्टीवरून दोन-तीन मीटर प्रवास करून सर्वांत सखल जागी टपकते. म्हणून शोधाचा आरंभ डागापासून करावयाचा असला तरी शेवट तेथे होत नाही.

(१) पाण्याची ओळख : मुंबई-मांडवा मार्गावरील लाँचमध्ये साचलेले पाणी खारे आहे की गोडे, एवढ्यावरून ते समुद्राचे की पावसाचे हे कळते. जलाशयातील बोटीस ही सोय नाही, कारण दोन्ही पाणी गोडेच असते. मात्र, पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार जलाशयाच्या पाण्यापेक्षा साधारणतः कमी असतात. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील विद्युतवाहकता मापकाने पावसाचे, जलाशयाचे व बोटीच्या तळातील पाणी तपासल्यास दिशादर्शक अनुमान करता येते. तळातील धूळ व घाण पाण्यात मिसळत असल्याने हा निर्णायक पुरावा मानू नये. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा हिरवट रंग असल्यास इंजिनाच्या शीतकरण व्यवस्थेकडे संशय वळवावा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीविषयी शंका असल्यास टाकीत खाण्याचा रंग मिसळावा आणि तपासणीनंतर टाकी धुऊन घ्यावी.

(२) वेळेची नोंद : तळ पूर्ण कोरडा करून पाणी केव्हा येते याची नोंद वहीत ठेवावी. पाऊस नसताना आणि बोट उभी असताना पाणी येत असेल तर दोष पाण्याच्या पातळीखाली असतो. केवळ बोट चालताना येत असेल तर पंख्याच्या दांड्याचा ग्लँड, शीतकरणाच्या नळ्या किंवा बाजूने उडणारे तुषार यांचा विचार करावा. केवळ पावसात येत असेल तर छत, खिडक्या व डेकवरील जोडकाम तपासावे. प्रवासी एका बाजूस बसल्यावरच येत असेल तर बोटीचा खालचा भाग व डेक यांमधील सांधा किंवा त्या बाजूचे एखादे निकासछिद्र पाण्याखाली जात असावे.

(३) मार्ग दर्शविणाऱ्या खुणा : संशयित भागावर खडूची कोरडी पूड भुरभुरावी. पाण्याची धार आल्यास पुडीत तिचा मार्ग उमटतो. फटीखाली टिपकागदाच्या पट्ट्या लावल्यास कोणती पट्टी प्रथम भिजली यावरून जागा निश्चित करता येते. त्यासाठी छताचे व भिंतींचे अस्तर काढावे लागते. हे काम त्रासदायक असल्याने टाळले जाते, परंतु त्यावाचून शोध पूर्ण होत नाही.

(४) पाण्याची चाचणी : एका व्यक्तीने बाहेर पाण्याचा पाइप धरावा व दुसरीने आत विजेरी घेऊन पाहावे. धार मंद ठेवावी, कारण जोरदार फवारा निर्दोष सांध्यातूनही पाणी घुसवतो. आरंभ सर्वांत खालच्या सांध्यापासून करून प्रत्येक जागी १० ते १५ मिनिटे पाणी सोडावे आणि मग वर सरकावे. वरून आरंभ केल्यास ओघळणारे पाणी खालचे सर्व सांधे एकाच वेळी भिजविते आणि चाचणीस काही अर्थ उरत नाही.

(५) हवेची चाचणी : पाण्याच्या चाचणीने उलगडा न झाल्यास केबिनची वायुवीजनाची छिद्रे बंद करून एका दारातून पंख्याने हवा आत भरावी आणि बाहेरून सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतात तेथे फट असते. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याच्या रीतीचेच हे उलटे रूप होय. या वेळी इंजिन बंद ठेवणे अत्यावश्यक आहे, अन्यथा विषारी धूर केबिनमध्ये भरला जाईल.

दुरुस्तीची तत्त्वे

सर्वसाधारणपणे होणारी चूक म्हणजे आतल्या बाजूने सीलंट भरणे. त्यामुळे थेंब थांबल्यासारखा दिसतो, परंतु पाणी दोन थरांमध्ये कोंडले जाते व गाभा कुजवून दुसरीकडून बाहेर पडते. पाणी बाहेरूनच अडविले पाहिजे. त्याचप्रमाणे जुन्या सीलंटवर नवा थर चढविणे व्यर्थ ठरते. जोडकाम उकलून, जुना थर पूर्णपणे खरवडून व पृष्ठभाग स्वच्छ करूनच नवे सीलंट लावावे.

सीलंटची निवड वस्तूनुसार करावी लागते. पॉलियुरेथेन घट्ट चिकटते, म्हणून जे सांधे पुन्हा उकलावयाचे नाहीत त्यांसाठी ते योग्य ठरते. पॉलिसल्फाइड लवचीक असले तरी अॅक्रिलिक व पॉलिकार्बोनेट यांना ते अपाय करते. सिलिकोन या प्लॅस्टिकांना चालते, पण त्याचा अंश मागे राहिल्यास त्या जागी नंतर रंग वा अन्य सीलंट धरत नाही. पाण्याच्या पातळीवरील किरकोळ जोडकामास ब्यूटाइल पट्टी उपयोगी पडते.

खिडक्यांच्या बाबतीत उष्णतेचे प्रसरण विसरता येत नाही. एक मीटर लांबीची अॅक्रिलिकची तावदाने ४० अंशांच्या तापमानफरकाने सुमारे २.८ मिलिमीटर वाढतात, तर फायबरची चौकट साधारण एक मिलिमीटरच वाढते. हिवाळ्यातील पहाट व उन्हाळ्यातील दुपार यांत एवढा फरक या जिल्ह्यात सहज पडतो. म्हणून तावदान घट्ट आवळून बसविल्यास एक तर ते तडकते किंवा सांधा सुटतो. बोल्टची छिद्रे थोडी मोठी ठेवावीत आणि सीलंटचा किमान तीन मिलिमीटर जाडीचा थर राखावा. अॅक्रिलिक स्पिरिटने पुसू नये, त्याने बारीक तडे जातात. सौम्य साबणाचे पाणी पुरेसे असते.

कठडे व खुंट्यांचे बोल्ट ज्या छिद्रांतून जातात ती छिद्रे लाकडी गाभ्यापर्यंत पाणी पोहोचविणारी प्रमुख वाट होत. लहान हातोडीने ठोकून पाहिल्यास निरोगी भागातून खणखणीत व कुजलेल्या भागातून बद्द आवाज येतो. छिद्र मोठे करून ओला गाभा काढावा, जागा पूर्ण सुकू द्यावी, घट्ट केलेले इपॉक्सी त्यात भरावे आणि ते कडक झाल्यावर मूळ मापाचे छिद्र पाडावे. यानंतर त्या छिद्रातून पाणी झिरपले तरी ते गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. नट आवळताना बोल्ट फिरवू नये, फक्त नट फिरवावा, म्हणजे सीलंटची पकड सुटत नाही.

पंख्याच्या दांड्याच्या ग्लँडची रचना शेतातील पंपाच्या ग्लँडसारखीच असते. पारंपरिक पॅकिंग असलेल्या ग्लँडमधून दांडा फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडणे हे दोषाचे नव्हे, तर आरोग्याचे लक्षण आहे, कारण त्या पाण्याने दांडा थंड राहतो. ग्लँड पूर्ण आवळल्यास दांडा तापून झिजतो. पाण्याखालील प्रत्येक नळीस दोन क्लिपा असाव्यात आणि प्रत्येक झडपेजवळ मापाची लाकडी खुंटी बांधून ठेवावी.

देखभाल व स्थानिक संदर्भ

कोकणातील मच्छीमार पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. त्यामुळे त्यांना वर्षातून एकदा नौका कोरडी करून तपासण्याची संधी आपोआप मिळते. घाटमाथ्यालगतच्या जलाशयांवर परिस्थिती वेगळी आहे. भंडारदरा परिसरात पर्यटकांची गर्दी मे-जूनमधील काजव्यांच्या हंगामापासून वाढते आणि घाटघर-रतनवाडी भागात मोसमी पाऊस अतिशय तीव्र असतो. म्हणून तपासणीसाठी एप्रिल हा महिना निश्चित करणे हितावह ठरेल. त्या वेळी जलाशयाची पातळी उतरलेली असते, बोट काठावर घेता येते आणि कडक उन्हाने गाभा सुकतो. डेकवरील निकासछिद्रांत अडकलेला पालापाचोळा काढणे हे बिनखर्चाचे काम अनेक गळत्या टाळते.

गळतीच्या निदानाचे महत्त्व या परिसराला नवे नाही. भंडारदरा धरणाच्या दगडी भिंतीतच १९६९ मध्ये तडे व गळती आढळून आली आणि पुढील काळात मागील बाजूने आधार देऊन ती भिंत मजबूत करण्यात आली. धरण व बोट यांच्या आकारमानात तुलना नाही, पण तत्त्व एकच आहे. गळती हे लक्षण असते, रोग नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने, १९१७ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली असून यंत्रचालित जलयानांची नोंदणी व सर्वेक्षण यांची तरतूद त्यात आहे. परंतु सर्वेक्षण ठरावीक मुदतीने होते, गळती मात्र रोज होत असते. त्यामुळे चालकाची नोंदवही हीच खरी पहिली तपासणी ठरते.

समारोप

केबिनमधील गळतीचा शोध हा वैज्ञानिक पद्धतीचा साधा पण चोख नमुना आहे. निरीक्षण, नोंद, एका वेळी एकाच घटकाची चाचणी आणि निष्कर्षाची फेरतपासणी या पायऱ्या त्यात क्रमाने येतात. दुरुस्तीनंतर पाण्याची चाचणी पुन्हा घेतल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये, कारण एक फट बुजल्यावर दुसरी उघडकीस येणे स्वाभाविक आहे. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि भूगोल या विषयांच्या अध्यापकांनी जिल्ह्यातील जलाशयांवरील बोटी हा प्रकल्पाचा विषय म्हणून विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास पृष्ठताण, दाब, संघनन व प्रसरण या पाठ्यपुस्तकातील संकल्पना त्यांना प्रत्यक्ष पाहता येतील आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसही त्याचा हातभार लागेल.