म्हाताऱ्या मेंदूची चमक

मेंदू अजून तरंगतोय. म्हणजे आजही कापाकापी नाही.

उंदराचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा. तो रसायनाने घट्ट करून ३० टक्के साखरेच्या पाण्यात सोडतात. आधी वर तरंगतो. दोन-तीन दिवसांत साखर मुरली की गुपचूप तळाला जातो. पाकातले गुलाबजाम मुरले का, म्हणून आई झाकण काढून बघायची, तशी मी दर तासाला ही बाटली बघते. न मुरता गोठवला, तर आत बर्फाचे खडे होऊन पेशी फाटतात.

कापायचं यंत्र क्रायोस्टॅट, आत उणे २० अंश. चकती ४० मायक्रॉनची, केसाहून पातळ. पात्यावरून सुटते तीच गुंडाळी होऊन. ती बारीक कुंचल्याने, श्वास रोखून उलगडायची. एकदा गप्पांच्या नादात मी नेमका हवा तो भाग ओलांडून गेले. दोन वर्षं सांभाळलेला उंदीर वाया गेला.

हवा तो भाग म्हणजे न्यूक्लियस अकम्बन्स, व्यसनाशी जोडलेला. डावी-उजवीकडे दोन पांढरे टिपके दिसले, की तो त्यांच्या भोवतीच असतो. डोपामिन पेशींवर लगाम ठेवणाऱ्या पेशींनाच मॉर्फिन, हेरॉइनसारखी ओपिऑइड द्रव्यं गप्प करतात. लगाम सुटला, की इथे डोपामिन वाढतं.

खरी फजिती सूक्ष्मदर्शकाखाली होते. आम्ही चकतीला चमकणारा रंग लावतो, पण म्हाताऱ्या पेशी रंगाशिवायही चमकतात. लायपोफ्युसिन नावाचा गाळ वयाबरोबर पेशींत साचतो, तो स्वतःच उजेड देतो. नवशिक्याला वाटतं, शोध लागला! म्हणून शेजारी एक बिनरंगाची चकती ठेवायचीच. सुदान ब्लॅक नावाच्या काळ्या रंगाने ही चमक बरीच दबते.

बाल्टिमोरला अमेरिकेच्या वार्धक्य आणि व्यसन या दोन्ही राष्ट्रीय संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळा एकाच इमारतीत आहेत. तरी जगभर व्यसनाचे बहुतेक प्रयोग दोन-तीन महिन्यांच्या तरण्या उंदरांवरच चालतात. यात विज्ञान काही नाही, निव्वळ व्यवहार आहे. उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं लागतात. तोवर खाऊ-पिऊ कोण घालणार? ओपिऑइडच्या गोळ्या मात्र कंबर धरून बसलेल्या सत्तरीच्या माणसालाही लिहून दिल्या जातात.

आमच्याकडे सध्या म्हातारे उंदीर सहाच आहेत. पुढचे दिवाळीनंतर.